१४ आमदारांचा पक्ष : स्वतंत्र मजूर पक्ष कसा चालला आणि का थांबला

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाची घोषणा केली. जुलै १९४२ मध्ये त्याची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. म्हणजे पक्षाचं आयुष्य सहा वर्षांचं, आणि त्यातही विधिमंडळात बसून काम करता आलं ती जेमतेम सव्वादोन वर्षं. या काळात पक्षाने मांडलेलं एकही मोठं विधेयक मंजूर झालं नाही. तरी खोती (कोकणातली सारा गोळा करणाऱ्या मध्यस्थांची पद्धत), महार वतन (थोड्या इनाम जमिनीच्या बदल्यात महारांवर असलेलं गावकाम), कुळांचे हक्क, संपाचा अधिकार या विषयांवर पुढच्या २० वर्षांत महाराष्ट्रात जे कायदे झाले किंवा जी भांडणं झाली, त्यांची मांडणी आधी या पक्षाने करून ठेवलेली दिसते.

बाबासाहेबांच्या चरित्रांत या पक्षाला दोन-चार पानं मिळतात. चवदार तळं आणि घटना समिती यांच्यामधला एक टप्पा म्हणून तो उरकला जातो. तसं केलं की एक महत्त्वाचा पेच नजरेआड होतो. हा पक्ष वर्गाच्या नावाने उभा होता आणि त्याच्या बहुतेक जागा जातीच्या राखीव कोट्यातून आल्या होत्या. त्याचं यश आणि त्याचा शेवट, दोन्ही या पेचातून आले.

पक्ष काढायची वेळ का आली

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली. प्रांताचं मंत्रिमंडळ आता निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार राहणार होतं. मतदानाचा हक्क मात्र सगळ्यांना नव्हता. जमीन महसूल, भाडं, कर किंवा शिक्षण यांची अट होती, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रौढांपैकी साधारण सहातल्या एकालाच मत देता येत होतं. निवडणुका १९३७ च्या सुरुवातीला व्हायच्या होत्या.

मुंबई प्रांताच्या विधानसभेत एकूण १७५ जागा. त्यातल्या ११४ सर्वसाधारण, आणि या ११४ पैकी १५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. मुस्लिमांना २९, व्यापार-उद्योगाला ७, कामगारांना ७, आणि उरलेल्या जागा स्त्रिया, जमीनदार, विद्यापीठ, युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती अशा गटांत वाटलेल्या. राखीव जागांचा आकडा आला होता २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून. करारात देशभरासाठी १४८ राखीव जागा ठरल्या होत्या आणि मुंबईच्या वाट्याला १५ आल्या होत्या.

आता हिशेब करू. सगळ्याच्या सगळ्या १५ जागा जिंकल्या तरी त्या १७५ च्या साडेआठ टक्के. एवढ्यावर ना मंत्रिमंडळ बनतं, ना कायदा होतो. फक्त अस्पृश्यांचा म्हणून पक्ष काढला, तर हीच त्याची कमाल मर्यादा. म्हणून पक्षाच्या नावात ‘मजूर’ शब्द आला. पक्षातर्फे दिलेलं कारण सरळ होतं: मजूर म्हटलं की त्यात दलितही येतात, इतर जातींचे कामगार, कुळं आणि शेतमजूरही येतात. इंग्लंडमध्ये १८९३ पासून याच नावाचा एक समाजवादी पक्ष होता. पण मुंबईचा पक्ष त्याची शाखा नव्हता.

वेळ तशी सोपी नव्हती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती आणि मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद झाली होती. एकीकडे समाजाला धर्म सोडायला सांगायचं आणि दुसरीकडे सवर्ण कुणबी कुळांची मतं मागायची, ही कसरत काही महिन्यांच्या अंतराने चालली होती.

जाहीरनाम्यात काय होतं

जाहीरनामा वाचताना आजही नवल वाटतं ते त्याच्या तपशिलाचं. पहिला भर शेतीवर. जमिनीचे तुकडे पडत जाणं आणि एकाच जमिनीवर वाढत्या लोकसंख्येचा भार असणं, हे गरिबीचं मूळ मानलं होतं. त्यावर उपाय म्हणून भू-तारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ, आणि शेतीतले जादा हात उद्योगांत नेण्यासाठी तांत्रिक शिक्षण. खोती आणि तालुकदारी (गुजरातेतली जमीनदारी) यांसारख्या पद्धतींत कुळांना संरक्षण. लोकहितासाठी गरज असेल तिथे उद्योगाची मालकी किंवा व्यवस्था सरकारकडे.

कामगारांसाठी नेमणूक, बडतर्फी आणि बढतीचे नियम कायद्याने ठरवणं, कामाच्या तासांना कमाल मर्यादा, पुरेसं वेतन, पगारी रजा, परवडणारी घरं. खेड्यांसाठी घरबांधणी, स्वच्छता, सभागृह, वाचनालय, आणि फिरता सिनेमासुद्धा. शिक्षण मोफत आणि सक्तीचं.

यात क्रांतीची भाषा नाही. खाजगी मालमत्ता बरखास्त करा, असं कुठे म्हटलेलं नाही. कायदा करून, भरपाई देऊन, सरकारची यंत्रणा वापरून रचना बदलायची, हा सुधारकी मार्ग होता. कम्युनिस्टांना तो मिळमिळीत वाटला आणि खोत-जमीनदारांना धोकादायक.

मतांचं गणित: सगळी मतं एकालाच

पक्षाचं निवडणुकीतलं यश समजून घ्यायचं तर मुंबई प्रांतातली मतदानाची पद्धत नीट कळायला हवी. इथे बरेच अभ्यासू लोकही घाईने पुढे जातात.

राखीव जागा स्वतंत्र मतदारसंघात नव्हती. एका मतदारसंघातून दोन-तीन किंवा चार प्रतिनिधी निवडायचे आणि त्यातली एक जागा राखीव, अशी रचना होती. मतदार सगळे एकत्र. प्रत्येक मतदाराला जितक्या जागा तितकी मतं, आणि ती हवी तशी वाटायची मुभा. तीन मतं असतील तर तिन्ही एकालाच द्या, दोन एकाला आणि एक दुसऱ्याला द्या, किंवा तिघांना एकेक.

कल्पनेतलं उदाहरण घेऊ. मतदार १०,०००, जागा ३, म्हणजे मतं ३०,०००. आपल्या पक्षाचे मतदार फक्त २,६००. त्यांनी आपली तिन्ही मतं एकाच उमेदवाराला दिली तर त्याची ७,८०० होतात. समोरच्या ७,४०० मतदारांकडे २२,२०० मतं आहेत. ती त्यांनी तीन उमेदवारांत कितीही काटेकोर वाटली तरी प्रत्येकाला ७,४००. म्हणजे आपला उमेदवार पहिल्या तिघांत येणारच, राखीव जागा असो वा नसो. पण त्याच २,६०० मतदारांनी मतं तिघांत विभागली, तर प्रत्येकी २,६०० पडतील आणि तिघेही पडतील. चार मतदारांपैकी एकापेक्षा थोडे जास्त पाठीशी असले की तीन जागांपैकी एक पक्की, पण शिस्त हवी.

राखीव जागेमुळे आणखी एक कलाटणी मिळते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं, त्याला ती जागा मिळते. मग मोठ्या पक्षाने काय करावं? स्वतःचा दलित उमेदवार उभा करून आपल्या सवर्ण मतदारांची मतं त्याच्याकडे वळवावी. संयुक्त मतदारसंघाबद्दल बाबासाहेबांना भीती होती ती हीच. पण मतं एकत्रित करण्याच्या या पद्धतीत मोठ्या पक्षाला त्याची किंमत मोजावी लागते, कारण दलित उमेदवाराला दिलेलं प्रत्येक मत त्यांच्या सर्वसाधारण उमेदवाराच्या वाट्यातून जातं. लहान, शिस्तबद्ध पक्षाला इथे फट सापडते. मतदारसंघ आखणीच्या वेळी बाबासाहेबांनी याच पद्धतीचा आग्रह धरला होता, तो उगाच नव्हे.

पुणे करारात प्राथमिक निवडणुकीचीही तरतूद होती. राखीव जागेसाठी दलित मतदारांनी आधी चार जणांची निवड करायची आणि त्या चौघांतून अंतिम निवड सगळ्या मतदारांनी. ऐकायला हे संरक्षण वाटतं. पण प्राथमिक फेरीत चौथा आलेला उमेदवारही अंतिम फेरीत सवर्ण मतांवर पहिला येऊ शकत होता. त्यामुळे खरी लढाई अंतिम मतदानातच होती, आणि कार्यकर्त्यांचं मुख्य काम मतदाराला एकच गोष्ट समजावणं हे होतं: मतं वाटू नका.

पक्षाने १७ उमेदवार उभे केले, १३ राखीव आणि ४ सर्वसाधारण जागांवर. निवडून आले १४, म्हणजे राखीव ११ आणि सर्वसाधारण ३. नव्या पक्षासाठी हा निकाल असामान्य होता. काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या, स्पष्ट बहुमताच्या उंबरठ्यावर. मध्यप्रांत-वऱ्हाडातही पक्षाने उमेदवार दिले, पण त्याचं खरं बळ मुंबई प्रांतातच राहिलं.

खुद्द बाबासाहेब भायखळा-परळ मतदारसंघातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर पाळवणकर बाळू यांना उभं केलं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज, चांभार समाजातले, मुंबईभर लोकप्रिय. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मतं पडली. हे आकडे मतांचे आहेत, माणसांचे नव्हेत. एका मतदाराची अनेक मतं एकाच नावावर पडू शकत होती हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागतात. आजच्या पद्धतीची सवय असलेला वाचक इथे हमखास फसतो.

सर्वसाधारण जागांवरचं यश प्रामुख्याने कोकणातलं. महाडच्या सत्याग्रहापासून बाबासाहेबांबरोबर असलेले अनंतराव चित्रे आणि सुरबा टिपणीस ही त्यातली महत्त्वाची नावं. दोघेही कायस्थ. कुणबी, आगरी कुळांमध्ये त्यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. शामराव परुळेकरही पक्षात होते. नाशिकहून भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड, पुण्याकडून राजाराम भोळे, नगरहून प्रभाकर रोहम असे राखीव जागांवरचे आमदार. ‘मजूर’ हे नाव काही ठिकाणी तरी खरं उतरलं होतं.

खोती म्हणजे काय आणि विधेयकात काय होतं

कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात आणि कुलाब्याच्या काही भागात, सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत असे. गावचा सारा वंशपरंपरेने गोळा करून सरकारात भरायचा, हे त्याचं काम. सरकारला भरायची रक्कम ठरलेली. कुळाकडून घ्यायचा खंड मात्र त्याहून कितीतरी जास्त, बऱ्याचदा धान्यात, आणि अर्धेलीच्या जमिनीवर निम्मं पीक. वर वेठबिगार: खोताच्या शेतावर फुकट नांगर, घरचं लाकूडफाटा, डोली. १८८० चा खोती कायदा होता, पण त्याने खोताचा हक्क नोंदून पक्का केला. कुळाने दिलेल्या धान्याची पावती नाही, आणि कसण्याचा पुरावा खोताच्या वहीत. कोर्टात गेलं तर हरायचंच.

अलिबागजवळच्या चरी गावातून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये कुळांचा संप सुरू झाला होता. कुळांनी जमिनी कसायचंच थांबवलं आणि तो काही वर्षं चालला. स्वतंत्र मजूर पक्षाने ही ताकद विधिमंडळाशी जोडली.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यात तीन गोष्टी होत्या. खोती हक्क संपवायचा. खोताला वाजवी भरपाई द्यायची. आणि जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे त्या कनिष्ठ धारकाला १८७९ च्या जमीन महसूल कायद्याखाली ‘कब्जेदार’ दर्जा द्यायचा, म्हणजे त्याचं नातं थेट सरकारशी. देशावर रयतवारीत, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरतो त्या व्यवस्थेत, जी पद्धत आधीच चालू होती तीच कोकणात आणायची, इतकीच मागणी होती.

हे मंजूर का झालं नाही? बिनसरकारी विधेयकाला सभागृहात फार थोडे दिवस मिळतात. सरकारने विरोधात मत द्यायचीही गरज नसते. पुढच्या वाचनाला वेळ मिळाला नाही की विधेयक तिथेच पडून राहतं. काँग्रेसमध्ये कुळांचे कैवारी होते तसे जमीनवालेही होते, आणि मंत्रिमंडळाला ते दुखवायचे नव्हते.

म्हणून दबाव बाहेरून आणायचं ठरलं. १० जानेवारी १९३८ ला सुमारे २०,००० शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. भाताची कापणी-मळणी उरकलेली, पुढची कामं दूर, त्यामुळे जानेवारीत कोकणातला शेतकरी येऊ शकत होता. शिष्टमंडळ पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना भेटलं (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत). महार आणि कुणबी एका मागणीसाठी एका रांगेत राजधानीत चालले, हे त्या काळच्या कोकणासाठी किती मोठं होतं, ते तिथली गावं माहीत असणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

सरकारने १९३९ मध्ये कूळ कायदा केला. ‘संरक्षित कूळ’ ही कल्पना त्यातून आली. खोती मात्र राहिली. ती गेली १९४९ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याचा साचा बऱ्याच अंशी १९३७ च्या विधेयकाच्या दिशेचाच होता.

महार वतनाचं विधेयक

खोतीचं विधेयक मांडलं त्याच दिवशी, १७ सप्टेंबर १९३७ ला, दुसरं विधेयक मांडलं गेलं: १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती. हा विषय बाबासाहेबांनी आधी १९२८ मध्ये जुन्या कौन्सिलात आणला होता आणि त्यांना तो मागे घ्यावा लागला होता.

वतन म्हटलं की मान वाटतो, पण महार वतनाचं स्वरूप असं होतं. थोडीशी इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं (पिकातला ठरलेला वाटा), या बदल्यात सरकारी आणि गावकीचं काम. सारा गोळा करताना हजर राहायचं, टपाल पोचवायचं, साहेब आला की सामान वाहायचं, मेलेलं जनावर ओढायचं, सांगावा द्यायचा. कामाची व्याख्या नाही, वेळ नाही. घरातला कर्ता हजर नसेल तर बापाला किंवा मुलाला धरून नेत. जमीन पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन नावापुरती उरलेली. बलुतं तर गावाच्या मर्जीवर: महारांनी पाणवठ्याचा किंवा मानाचा प्रश्न काढला की बलुतं बंद. चळवळीला वेसण घालायचं हे गावाच्या हातातलं सर्वांत सोपं साधन होतं.

दुरुस्तीचा गाभा असा. ज्याला काम सोडायचं आहे त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि जमीन ठेवावी. बलुत्याऐवजी पैशात मोबदला, तो साऱ्याबरोबर सरकारने गोळा करून द्यावा. कामं कोणती, ती कायद्यात लिहावीत. विरोध दोन बाजूंनी झाला. गावच्या वरच्या जातींना फुकटचं मनुष्यबळ जाईल याची भीती, आणि सरकारला खर्चाची, कारण हीच कामं पगारी नोकरांकडून करून घ्यायची तर तिजोरीवर भार येणार. काही महारांनाही वतन सोडणं धोक्याचं वाटत होतं. हातात असलेली एवढीशी जमीन जाईल, ही शंका बिनबुडाची नव्हती.

संपाचा हक्क: ७ नोव्हेंबर १९३८

गिरणी कामगारांच्या राजकारणात या पक्षाची जागा अवघड होती. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. पगार मात्र याच खात्यात जास्त. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मोठे संप झाले, तेव्हा बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता: मालकाविरुद्ध एकजूट हवी, तर या खात्याचं दार का बंद?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद झाली. कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, अशी मांडणी बाबासाहेबांनी तिथे केली. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सगळ्या जातींत आहे, हेही तिथेच स्पष्ट केलं. ही मांडणी पक्षाचा कणा होती.

सप्टेंबर १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. मालक-कामगार तंटा झाला की समेटाची प्रक्रिया सक्तीची, आणि ती पूर्ण होण्याआधी केलेला संप बेकायदेशीर व शिक्षेस पात्र. युनियनच्या नोंदणीतही मेख होती: मालकाने मान्य केलेल्या युनियनला कमी सदस्यसंख्येवर स्थान, मालकाला नको असलेल्या युनियनला जास्त सदस्यांची अट.

१५ सप्टेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी याला कायद्याच्या अंगाने उत्तर दिलं. कामाचा करार मोडणं हा दिवाणी स्वरूपाचा दोष आहे. नुकसानभरपाई मागता येते, पण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला लावता येत नाही. संप हा गुन्हा ठरवला की काम न करणं हाच गुन्हा ठरतो, आणि तसं असेल तर ती गुलामगिरी. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पक्षाच्या सरकारने हे करावं, यावर त्यांचा खरा रोख होता.

विधेयक थांबलं नाही. मग ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा सार्वत्रिक संप पुकारला गेला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या प्रभावाखालच्या कामगार संघटना त्यात एकत्र होत्या. कामाची वाटणी स्वाभाविक झाली: गिरण्यांतलं संघटन लाल बावट्याकडे, म्हणजे कम्युनिस्टांच्या संघटनांकडे, आणि वस्त्यांतली तयारी, सभा, स्वयंसेवक यांत समता सैनिक दल या आंबेडकरी चळवळीतल्या स्वयंसेवक संघटनेचा मोठा वाटा. परळच्या कामगार मैदानावर मोठ्या सभा झाल्या. व्यासपीठावर बाबासाहेब आणि डांगे, निंबकर, परुळेकर, जमनादास मेहता हे कामगार पुढारी एकत्र होते. संपाच्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक तरीही कायदा झालं.

माझ्या मते पक्षाच्या सहा वर्षांतला हा सर्वांत उंच टप्पा. पण ही युती टिकली नाही. वर्ग आधी की जात, यावर दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम होत्या. पुढे परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली आदिवासींच्या १९४५ च्या उठावात होते.

सभागृहात पक्ष एवढ्यावरच थांबला नाही. १० नोव्हेंबर १९३८ ला प्रभाकर रोहम यांनी बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला. संपाच्या धामधुमीला तीन दिवस झाले होते. गरीब घरातल्या बाईचं आरोग्य हा राजकारणाचा विषय आहे, असं त्या सभागृहात म्हणणारे फार थोडे होते. ठराव पडला.

कुठे अडलं

संघटनेची पहिली अडचण आर्थिक. सदस्य गरीब, वर्गणी तुटपुंजी, पूर्णवेळ कार्यकर्ता ठेवणं कठीण. ‘जनता’ साप्ताहिक होतं, पण ते वाचणारा आणि वाचून दाखवणारा वर्ग मर्यादित. निवडणुकीपुरती यंत्रणा उभी राहायची आणि मग ती तशीच टिकवणं जमत नसे.

दुसरी अडचण पायाची. पक्षाचा मतदार मुख्यतः महार. चांभार आणि मातंग समाजातल्या अनेक पुढाऱ्यांना हा महारांचा पक्ष वाटे, आणि काँग्रेसने याचा उपयोग केला. बाळूंची उमेदवारी हे त्याचंच उदाहरण. कोकणाबाहेर कुणबी-मराठा शेतकऱ्यांपर्यंत पक्ष पोचलाच नाही, कारण देशावर खोत नव्हता. तिथे गावात महाराचा सरळ संघर्ष होता तो पाटलाशी आणि बागायतदार कुणब्याशी. ज्या कुळाला कोकणात मित्र म्हणायचं, त्याचाच भाऊबंद घाटावर बलुतं बंद करणारा. ही गाठ जाहीरनाम्याने सुटणारी नव्हती.

कामगारांसाठीच्या ७ खास जागांचाही फायदा झाला नाही. त्यातल्या जागांचा मतदार म्हणजे मुख्यतः जुन्या, नोंदलेल्या संघटनांचा सभासद, आणि तिथे इतर पुढाऱ्यांची पकड होती. नावात मजूर असलेल्या पक्षाचं बळ राखीव जागांतच राहिलं.

युद्ध, क्रिप्स आणि शेवट

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं. काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईचं मंत्रिमंडळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलं. प्रांत गव्हर्नरच्या हाती आला, विधानसभा थांबली. कायदा हेच हत्यार असलेल्या पक्षासाठी हा घाव मोठा होता. लढे पूर्ण थांबले नाहीत. वतनाच्या जमिनींवरचा आकार (सरकारी सारा) वाढवण्याविरुद्ध १९४१ मध्ये सिन्नरला परिषद झाली. पण ती लढाई पुन्हा महारांच्या प्रश्नाची होती.

मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश सरकारचे दूत म्हणून स्टॅफर्ड क्रिप्स आले. सत्तांतराची बोलणी कुणाशी करायची, तर काँग्रेस, मुस्लिम लीग, शीख, संस्थानिक, दलित यांच्याशी. बाबासाहेब क्रिप्सना भेटले ते अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून, मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासह. मजूर पक्षाचा नेता म्हणून त्या खोलीत खुर्चीच नव्हती. ब्रिटिशांची सगळी घटनात्मक रचना जमाती मोजत होती, वर्ग मोजत नव्हती. एका प्रांतातले १४ आमदार घेऊन अखिल भारतीय वाटाघाटीत उभं राहणं शक्य नव्हतं.

१८ ते २० जुलै १९४२ ला नागपूरला परिषद भरली आणि अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. अध्यक्ष मद्रासचे एन. शिवराज, सरचिटणीस पां. ना. राजभोज. मुद्दाम पराभव पत्करून मजूर पक्ष मिटवला असं झालं नाही. त्याचे कार्यकर्ते आणि त्याचं वर्तमानपत्र नव्या संघटनेत गेले. गमावली ती चित्रे-टिपणीसांसारख्या सवर्ण सहकाऱ्यांना आणि कुणबी कुळांना पक्षात असलेली जागा. फेडरेशनची व्याख्याच त्यांना बाहेर ठेवणारी होती.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. १९३६ च्या जाहीरनाम्यातल्या कितीतरी ओळी इथे सरकारी कागदावर आल्या. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद ऑगस्ट १९४२ मध्ये भरली. कारखान्यांतल्या कामगारांना पगारी रजा १९४५ च्या दुरुस्तीने, आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर १९४६ च्या दुरुस्तीने आले. विरोधी बाकावरचे १४ जण जे करू शकले नाहीत, ते मंत्रिपदाच्या खुर्चीतून झालं.

निवडणुकीच्या रिंगणात मात्र फेडरेशन मजूर पक्षाइतकंही टिकलं नाही. १९४६ मध्ये देशातल्या १५१ राखीव जागांपैकी फक्त २ त्याला मिळाल्या. १९५२ मध्ये बाबासाहेब स्वतः मुंबईत लोकसभेला पडले. व्यापक पक्षाची कल्पना त्यांनी शेवटच्या वर्षी पुन्हा हातात घेतली, आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला, त्यांच्या निधनानंतर, रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला, तेव्हा मागणी होती पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, जात कोणतीही असो.

महार वतन कायद्याने संपलं ते मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा, १९५८ याने. जमिनी वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण नवीन शर्तीवर, म्हणजे भोगवटादार वर्ग २ म्हणून. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. सातबाऱ्यावर अशी नोंद असताना परवानगी न घेता झालेले व्यवहार आजही वादात सापडतात, आणि शहराजवळच्या जमिनींमध्ये बहुतेक वेळा मूळ वतनदाराच्या वारसांना तोटा सोसावा लागतो.